चोवीस वर्षांचे सोने
संत पिएर जॉर्जो फ्रासाती (१९०१–१९२५)



धर्मग्रामात कोणाचे निधन झाल्याचे कळले की आपण पहिली चौकशी करतो ती वयाची. ऐंशी-नव्वदच्या पुढचा आकडा ऐकला की आपण समाधानाने मान हलवतो. नातवंडे पाहिली, पतवंडे पाहिली, मुलाबाळांच्या हातून पाणी पिऊन गेले असे म्हणतो. आकडा वीस-पंचविशीतला असला की मात्र बोलणेच खुंटते. त्या घरी जायला पाय उचलत नाही. मिस्सा आटोपून दफनभूमीकडे चालताना कोणीतरी हळूच म्हणते की बिचाऱ्याने अजून पाहिलेच काय होते. आपण सगळे त्याला होकार देतो.

आम्हीही आजवर हेच करत आलो. माणूस किती जगला यावरून त्याचे आयुष्य पुरे झाले की अर्धवट राहिले हे आपण ठरवून टाकतो. पवित्र शास्त्र मात्र वेगळे माप हाती देते. जुन्या करारातील शलमोनाच्या ज्ञानग्रंथाच्या चौथ्या अध्यायात असे शिकवले आहे की आदरास पात्र ठरणारे म्हातारपण वर्षांच्या संख्येने मोजले जात नाही. नीतिमान माणूस लवकर गेला तरी थोड्या काळात तो पुष्कळ काळाचे काम पुरे करून जातो. हे वाचायला सोपे आहे. ज्याच्या घरात तरुण मुलाची शवपेटी ठेवलेली आहे त्याला ते पटवणे मात्र कठीण आहे. म्हणून आज आम्ही उपदेश न करता एका तरुणाची हकिकत तुमच्यापुढे ठेवत आहोत. तो चोवीस वर्षे जगला. नेमके सांगायचे तर चोवीस वर्षे आणि तीन महिने, त्यालाही दोन दिवस कमी. त्याचे नाव पिएर जॉर्जो फ्रासाती. ७ सप्टेंबर २०२५ रोजी रोम येथे पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत म्हणून घोषित केले.

श्रीमंताघरचा मुलगा

पिएर जॉर्जोचा जन्म इटलीतील तुरिन शहरात ६ एप्रिल १९०१ रोजी झाला. तो पवित्र शनिवार होता, म्हणजे पुनरुत्थान सणाचा आदला दिवस. त्याचे वडील आल्फ्रेदो फ्रासाती हे ‘ला स्ताम्पा’ या मोठ्या दैनिकाचे मालक आणि संपादक होते. पुढे ते इटलीच्या सिनेटचे सदस्य झाले आणि १९२० ते १९२२ या काळात जर्मनीत इटलीचे राजदूत होते. आई आदेलाइदे चित्रकार होती. घरात पैसा होता, प्रतिष्ठा होती, नोकरचाकर होते. देवाला मात्र त्या घरात फारशी जागा नव्हती. वडिलांचा देवधर्मावर विश्वास नव्हता. आई मिस्साला जात असे, परंतु त्यापुढे तिची भक्ती जात नव्हती. आईवडिलांचे आपसातही पटत नव्हते. जेवणाच्या वेळा, अभ्यास, वागणे या सर्वांबाबत शिस्त कडक होती. पिएर जॉर्जो आणि त्याची धाकटी बहीण लुचाना या दोन भावंडांनी त्या मोठ्या घरात एकमेकांच्या आधाराने बालपण काढले.

अशा घरात हा मुलगा एवढा श्रद्धावान कसा निपजला, याचे उत्तर कोणालाच नीट देता आले नाही. त्याच्या लहानपणीची एक गोष्ट सांगतात. एक गरीब बाई दाराशी भीक मागायला आली. तिच्या कडेवरच्या मुलाचे पाय उघडे होते. छोट्या पिएर जॉर्जोने आपल्या पायांतले बूट-मोजे काढले, तिच्या हाती दिले आणि घरातून कोणी येऊन परत मागण्याच्या आत दार लावून घेतले. दुसऱ्या एका प्रसंगी वडिलांनी दारू प्यायलेल्या एका भिकाऱ्याला हाकलून दिले. तेव्हा मुलगा रडत आईकडे गेला. तो माणूस उपाशी होता आणि बाबांनी त्याला जेवायला दिले नाही, एवढीच त्याची तक्रार होती. माणूस दारू प्यायलेला होता हे त्याला दिसले नव्हते असे नाही. उपाशी होता हे त्याला आधी दिसले.

अभ्यासात तो हुशार नव्हता. लॅटिन विषयात नापास झाल्यामुळे त्याला येशूसंघीय फादरांच्या शाळेत घालण्यात आले. घरच्यांच्या दृष्टीने ही नामुष्की होती, परंतु त्याच्या आयुष्याला खरे वळण तिथेच लागले. दररोज ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची त्याला तिथे मुभा मिळाली. पोप दहावे पायस यांनी १९०५ साली वारंवार ख्रिस्तशरीर स्वीकारण्याचा आग्रह धरला होता, तरी सामान्य घरांत ती सवय अजून रुजलेली नव्हती. पिएर जॉर्जोने ती सवय लावून घेतली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. पहाटे उठून मिस्साला जाणे, जपमाळ करणे, कधी रात्रभर पवित्र साक्रामेंतापुढे आराधनेत बसणे हे त्याला ओझे वाटत नसे. घरी याची चिंताच जास्त होती. मुलगा भलत्याच नादाला लागला, असे त्यांना वाटे.

तुरिनच्या माळ्यांवर

१९१८ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे तुरिनच्या पॉलिटेक्निकमध्ये खाण अभियांत्रिकीसाठी नाव घातले. खाणीतल्या मजुरांचे हाल त्या काळी सर्वांत वाईट होते. त्यांच्यात राहून काम करावे, असे त्याने ठरवले होते. धर्मगुरू होण्याचाही विचार त्याच्या मनात येऊन गेला होता, परंतु प्रापंचिक म्हणून आपण मजुरांच्या अधिक जवळ जाऊ शकू, असे त्याला वाटले.

दुसरी गोष्ट म्हणजे तो संत विन्सेंट डी पॉल संस्थेत दाखल झाला. ही संस्था फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने आपल्या सोबत्यांसह १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू केली. तेव्हा ओझानाम अवघा वीस वर्षांचा होता. गरिबाला मदत पाठवून न देता त्याच्या घरी स्वतः जायचे, त्याच्याजवळ बसायचे आणि दर आठवड्याला पुन्हा जायचे, ही या संस्थेची पद्धत. आपल्याकडेही अनेक धर्मग्रामांत तिच्या शाखा आहेत आणि त्या याच पद्धतीने चालतात.

पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. तुरिन हे कारखान्यांचे शहर. युद्धावरून परतलेले जखमी सैनिक, काम सुटलेले मजूर, विधवा, क्षयाचे रोगी अशांनी ते भरले होते. इमारतीच्या खालच्या मजल्यांवर सुखवस्तू लोक राहत आणि अगदी वर, छपराखालच्या माळ्यांवर गरीब कुटुंबे दाटीवाटीने राहत. हिवाळ्यात तिथे थंडीने हाडे गोठत आणि उन्हाळ्यात छप्पर तापे. पिएर जॉर्जो हे जिने चढू लागला. हातात पुडकी असत, त्यांत पाव, औषधे, कपडे, कोळसा, जे मिळेल ते. एखाद्या कुटुंबाला घर सोडावे लागले तर त्यांचे सामान हातगाडीवर घालून राजदूताचा हा मुलगा भर रस्त्यातून ती गाडी ओढत नेई. त्याचे मित्र गमतीने त्याला फ्रासाती वाहतूक कंपनी म्हणत. कोणाला नोकरी मिळवून दे, कोणाच्या मुलाचा बाप्तिस्मा करवून दे, कोणाला दवाखान्यात जागा मिळवून दे, कोणाची गहाण पडलेली वस्तू सोडवून आण, अशी त्याची कामे असत. कोणाच्या डोळ्यांत भरतील अशी ती नव्हती.

यासाठी पैसा कुठून येत असे? घर श्रीमंत असले तरी त्याच्या हातात फार पैसे देत नसत. मग तो ट्रामचे भाडे वाचवी आणि जेवणाची वेळ चुकू नये म्हणून धावत घरी येई. आगगाडीने तिसऱ्या वर्गातून प्रवास करी. एवढ्या मोठ्या घरचा मुलगा तिसऱ्या वर्गातून का येतो असे कोणी विचारले, तर चौथा वर्ग नाही म्हणून, एवढेच त्याचे उत्तर असे. बर्लिनला वडिलांकडे असताना कडाक्याच्या थंडीत त्याने अंगातला ओव्हरकोट एका म्हाताऱ्याला काढून दिला. वडील रागावले. त्या माणसाला थंडी वाजत होती, यापलीकडे त्याने आपल्या कृतीचे समर्थन केले नाही. पदवी मिळाल्यावर मोटारगाडी हवी की तेवढे पैसे हवेत, असे वडिलांनी विचारले तेव्हा त्याने पैसे मागितले. ते कुठे जाणार होते हे सांगायला नको.

उन्हाळ्यात त्याचे कुटुंब पोल्लोने या डोंगराळ गावातल्या घरी जाई. पिएर जॉर्जो शक्य तेवढे दिवस तापलेल्या तुरिनमध्येच मागे राही. सगळेच शहर सोडून गेले तर गरिबांकडे कोण पाहणार, असा त्याचा साधा हिशेब होता.

या साऱ्यातली विशेष गोष्ट अशी की घरात याची कोणालाही कल्पना नव्हती. त्याने कधी सांगितले नाही. मुलगा उशिरा येतो, पैसे शिल्लक ठेवत नाही, परीक्षा मागे पडतात, एवढेच आईवडिलांना दिसे. हा कर्तृत्ववान बापाच्या पोटी आलेला सामान्य मुलगा आहे, असे त्यांचे मत झाले होते.

डोंगर, मित्र आणि राजकारण

पिएर जॉर्जोचे नाव ऐकून आपल्या डोळ्यांपुढे मान खाली घालून बसणारा, फिकट चेहऱ्याचा तरुण उभा राहू नये. तो उंचापुरा, दणकट आणि हसरा होता. आल्प्स पर्वतात चढाई करणे हा त्याचा छंद होता. चिरूट ओढणारा, मित्रांच्या खोड्या काढणारा, भसाड्या आवाजात मोठ्याने गाणारा असा तो होता. मे १९२४ मध्ये त्याने आपल्या मित्रमैत्रिणींचे एक टोळके जमवले आणि त्याला गमतीने संशयास्पद मंडळी अशा अर्थाचे नाव दिले. हे टोळके डोंगरावर जाई, हसे-खिदळे आणि एकमेकांसाठी प्रार्थना करी. पहाटे मिस्सा ऐकल्याशिवाय मात्र तो चढाईला निघत नसे.

त्याच्या मते दानधर्म पुरेसा नव्हता. गरीब हा गरीब का राहतो, असाही प्रश्न विचारायला हवा होता. म्हणून तो कॅथलिक विद्यार्थी संघटनेत काम करू लागला आणि डॉन लुइजी स्तुर्झो या धर्मगुरूंनी १९१९ साली स्थापन केलेल्या लोकपक्षाचा सभासद झाला. १९२१ साली रोममध्ये कॅथलिक तरुणांच्या मिरवणुकीवर पोलीस तुटून पडले तेव्हा संघटनेचा झेंडा त्याने हातातून सोडला नाही आणि त्याला अटक झाली. मे १९२२ मध्ये तो संत डॉमिनिकच्या तृतीय संघात दाखल झाला. त्याच वर्षी मुसोलिनी सत्तेवर आला आणि वडिलांनी राजदूतपदाचा राजीनामा दिला. जून १९२४ मध्ये एका रविवारी जेवणाच्या वेळी फासिस्ट गुंड त्यांच्या घरात घुसून मोडतोड करू लागले. पिएर जॉर्जोने एकाच्या हातातला दांडा हिसकावून त्यांना पिटाळून लावले. त्याची मवाळी गरिबांसाठी होती. अन्यायापुढे तो मवाळ नव्हता.

घरासाठीही त्याने सोसले. एका मुलीवर त्याचे मन जडले होते. ती आईवडील नसलेली, साध्या परिस्थितीतली होती. आपल्या घरी तिला स्वीकारणार नाहीत हे त्याला ठाऊक होते. आईवडिलांचा संसार तेव्हा मोडण्याच्या बेतात आला होता. आपल्या हट्टापायी तो मोडू नये म्हणून त्याने ते प्रेम मनातच ठेवले. तिलाही कळू दिले नाही. जानेवारी १९२५ मध्ये बहिणीचे लग्न होऊन ती परदेशी गेली आणि घर आणखी सुने झाले. शेवटी वडिलांचा निरोप आला की पदवी मिळाल्यावर खाणींचा विचार सोडून वर्तमानपत्राच्या कचेरीत यावे. सात वर्षे ज्या स्वप्नासाठी अभ्यास केला ते सोडायला त्याने होकार दिला. वडिलांना बरे वाटावे, एवढेच त्यामागचे कारण होते.

शेवटचे पाच दिवस

जून १९२५ च्या अखेरीस त्याच्या फक्त दोन परीक्षा उरल्या होत्या. ३० जूनच्या सुमारास त्याचे डोके दुखू लागले आणि अन्नावरची वासना गेली. कोणी लक्ष दिले नाही, कारण घरात त्याची आजी मरणाच्या दारी होती. १ जुलै रोजी ती वारली. घरातले सगळे तिच्या दुखात आणि अंत्यविधीच्या गडबडीत होते. पिएर जॉर्जो आजीपाशी प्रार्थना करायला उठला तेव्हा चालताना कोसळला, पुन्हा उठला. त्याने कोणाला हाक मारली नाही. गरज असते तेव्हाच हा मुलगा उपयोगी पडत नाही, असे आईचे बोलही त्याने ऐकून घेतले.

आजीला पोल्लोने येथे पुरायला नेण्याच्या दिवशी त्याला अंथरुणातून उठताच येईना. तेव्हा कुठे डॉक्टरांना नीट तपासायला सांगितले. तो पोलिओ होता. अंगावरून वारे जावे तसा लुळेपणा पायांकडून वर सरकत होता. आज आपण आपल्या बाळांच्या तोंडात दोन थेंब घालतो आणि भारत २०१४ साली पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. परंतु पोलिओची पहिली लस १९५५ साली आली. १९२५ साली डॉक्टरांच्या हातात काहीच नव्हते. ज्या आजाऱ्यांच्या माळ्यांवर तो जात असे तिथेच त्याला लागण झाली असावी, असे डॉक्टरांना वाटले.

शुक्रवार, ३ जुलै. शुक्रवार हा त्याचा गरिबांना भेटण्याचा दिवस. हात लुळा पडत चालला होता, तरी त्याने कागद मागवला आणि विन्सेंट डी पॉल संस्थेतील आपल्या सोबत्यासाठी वाकड्यातिकड्या, जेमतेम वाचता येतील अशा अक्षरांत एक चिठ्ठी लिहिली. एका आजारी माणसाला द्यायची इंजेक्शने त्याच्या कोटाच्या खिशात होती, ती त्याला पोहोचवायची होती. दुसऱ्या एकाची गहाणवटीची पावती होती, तिची मुदत संपत आली होती. ती आपल्या खर्चाने वाढवून घ्यायची होती. चिठ्ठीत स्वतःच्या आजाराचे गाऱ्हाणे नव्हते.

बंधुभगिनींनो, आम्ही या चिठ्ठीपाशी पुन्हा पुन्हा थांबतो. मरणाच्या आदल्या दिवशी माणूस काय लिहितो? मालमत्तेचे कागद करतो, कोणाला भेटायचे राहिले ते सांगतो. या मुलाला एक गहाणवटीची पावती आठवली. शेवटच्या दिवशी एकाएकी असे सुचत नाही. ज्याचे मन सात वर्षे रोज दुसऱ्याच्या गरजेकडे धावत आले, त्याचेच मन अंग लुळे पडल्यावरही तिकडे धावते.

४ जुलै १९२५, शनिवारी संध्याकाळी पिएर जॉर्जोने प्राण सोडला.

ते कोण लोक होते?

सोमवार, ६ जुलै रोजी अंत्ययात्रा निघाली. मोठ्या घरचा मुलगा असल्यामुळे राजकारणी, पत्रकार, प्रतिष्ठित मंडळी येतील हे आईवडिलांना अपेक्षितच होते. परंतु रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जी गर्दी उभी होती ती त्यांच्या ओळखीची नव्हती. फाटक्या कपड्यांतले मजूर, विधवा, म्हातारे, काखेत मुले घेतलेल्या बाया. कोणी रडत होते, कोणी शवपेटीला हात लावू पाहत होते. हे कोण लोक, हे घरच्यांना कळेना. गर्दीतल्या अनेकांनाही त्याच दिवशी कळले की आपल्या माळ्यावर पुडकी घेऊन येणारा हा तरुण एवढ्या मोठ्या फ्रासाती घरातला होता. आईवडिलांना आपला मुलगा ठाऊक नव्हता आणि गरिबांना त्याचे घर ठाऊक नव्हते. त्या दिवशी रस्त्यावर दोघांची गाठ पडली.

ज्या मुलाच्या हातून काही होणार नाही असे ज्या बापाला वाटत होते, त्या बापाला परक्या लोकांकडून आपल्या मुलाची ओळख झाली. पुढे आल्फ्रेदो हळूहळू श्रद्धेकडे परतले. मोडायला आलेला आईवडिलांचा संसारही टिकला. पिएर जॉर्जोला जिवंतपणी जे साधले नाही ते त्याच्या मरणानंतर साधले.

तुरिनच्या गरिबांनीच आर्चबिशपांकडे त्याला संत करण्याची मागणी केली आणि १९३२ साली ते काम सुरू झाले. २० मे १९९० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला धन्यवादित घोषित केले आणि डोंगरावरील प्रवचनातील आशीर्वचने जगलेला माणूस म्हणून त्याचा गौरव केला. त्याचे अवशेष आज तुरिनच्या कॅथेड्रलमध्ये आहेत. ज्या पॉलिटेक्निकची पदवी दोन परीक्षांसाठी हुकली होती, तिने २००१ साली त्याला मरणोत्तर पदवी दिली. ७ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच्याबरोबर संतपदी गेलेला कार्लो अकुतिस तर अवघा पंधरा वर्षांचा होऊन २००६ साली वारला होता.

लांब आयुष्याचे काय?

इथे कोणी विचारील, मग लवकर मरणे चांगले असे म्हणायचे आहे का? मुळीच नाही. आयुष्य ही देवाची देणगी आहे आणि ते लांबावे अशी आपण प्रार्थना करतो, ती करावीच. पिएर जॉर्जोलाही जगण्याची ओढ होती. मरणाच्या महिनाभर आधी तो डोंगरकड्यावर चढत होता. ७ जून १९२५ च्या त्या चढाईचे छायाचित्र आजही पाहायला मिळते. त्यावर त्याने स्वतःच्या हाताने, शिखराकडे जायचे आहे अशा अर्थाचे दोन शब्द लिहिले आहेत.

शिवाय त्याची बहीण लुचाना हिचे आयुष्य पाहा. ती १९०२ साली जन्मली आणि २००७ साली, एकशे पाच वर्षांची होऊन वारली. भाऊ चोवीस वर्षांचा, बहीण एकशे पाच वर्षांची. तिने एका पोलिश मुत्सद्द्याशी लग्न केले होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी पोलंड व्यापले तेव्हा आपल्या ओळखींचा उपयोग करून तिने अनेक पोलिश लोकांच्या सुटकेसाठी धडपड केली. आणि पुढची कितीतरी वर्षे तिने आपल्या भावाला ओळखणाऱ्यांच्या आठवणी, त्याची पत्रे गोळा केली, त्यांची पुस्तके केली. तिने हे केले नसते तर आज आपण हा लेख वाचत नसतो. तिचे लांब आयुष्य आणि त्याचे तोकडे आयुष्य एकाच मापाने मोजता येते. ते माप वर्षांचे नाही. ज्यांना काठी टेकत मिस्साला यावे लागते त्या आमच्या वडीलधाऱ्यांनी हे विसरू नये. देवाने दिलेला प्रत्येक जास्तीचा दिवस कोणासाठी तरी दिलेला आहे.

आपण काय करावे?

मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचे चित्र आहे. तिथे किती वर्षे जगलात असे राजा विचारत नाही. भुकेल्याला खायला दिले का, उघड्याला पांघरले का, आजाऱ्याला भेटलात का, एवढीच विचारपूस होते. तेव्हा आम्ही तुम्हांला तीन साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट तरुणांसाठी. शिक्षण संपल्यावर, नोकरी लागल्यावर, लग्न झाल्यावर सेवा करू, असे आपण ठरवतो. पिएर जॉर्जोची पदवीही पुरी झाली नव्हती. विद्यार्थी असतानाच, वाचवलेल्या ट्रामच्या भाड्यातून जे झाले ते झाले. आठवड्यातून एका आजाऱ्याच्या घरी जा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.

दुसरी गोष्ट आईवडिलांसाठी. आपला मुलगा गुणांच्या टक्क्यांत मागे असेल, म्हणून तो मागेच आहे असे समजू नका. तो कोणाच्या उपयोगी पडतो हेही कधी विचारून पाहा. आपल्या मुलाची ओळख त्याच्या अंत्ययात्रेत व्हावी अशी वेळ कोणावर येऊ नये.

तिसरी गोष्ट आपणां सर्वांसाठी. ज्या घरातला तरुण माणूस गेला त्या घरी जाताना देवाला चांगली फुले लवकर आवडतात, यासारखी वाक्ये घेऊन जाऊ नका. त्यांनी आईचे दुःख हलके होत नाही. त्या मुलाने तुमच्यासाठी काय केले ते सांगा. कधी पिशवी उचलून दिली, कधी रक्त दिले, कधी पोराला अभ्यास शिकवला, लहानसहान काहीही असो, ते त्या घरात जाऊन सांगा. तुरिनच्या गरिबांनी त्या आईवडिलांना हेच दिले. आपल्या लेकराचे आयुष्य वाया गेले नाही, हे आईला परक्याच्या तोंडून ऐकायला मिळाले तर तिच्या रडण्यातही थोडा आधार असतो.

पुढच्या वेळी कोणाच्या निधनाची बातमी आली की वय तर आपण विचारणारच, ती सवय आहे. त्यानंतर आणखी एक प्रश्न विचारू या, ते कोणाच्या उपयोगी पडले? आणि दफनभूमीतून परतताना तोच प्रश्न एकदा स्वतःलाही विचारू या.

४ जुलै हा संत पिएर जॉर्जो फ्रासाती यांचा स्मृतिदिन. आपल्या कुटुंबातील जी मुले तरुणपणीच देवाघरी गेली त्यांची आठवण त्या दिवशी मिस्सामध्ये अवश्य करावी.

प्रार्थना करू या : हे प्रभू येशू, तू स्वतः तेहतीस वर्षांच्या आसपासच या पृथ्वीवर जगलास आणि तुझ्या त्या थोड्या वर्षांनी आमचे तारण झाले. आमचे दिवस थोडे असोत की पुष्कळ, ते आमच्यापाशी साठवून न ठेवता गरजवंतांसाठी खर्च करण्याची बुद्धी आम्हांला दे. संत पिएर जॉर्जो, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.